ऑडिटला मी एकटा गेल्तो

साहेबांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "मिस्त्री, ही ट्रॉली तुमचीच ना?"

फोटोत शहागडच्या पुलाच्या अलीकडं उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागच्या फाळक्यावर पिवळ्या रंगात आमच्या वेल्डिंग वर्क्सचं नाव, खाली मंठा, आणि त्याच्या खाली टपोरा नंबर, २०१९.

"माझीच," मी म्हणालो. "कोपऱ्याचं वेल्डिंग बघा साहेब. कितीबी भरा, फाळका हलणार न्हाई."

"हा नंबर म्हणजे तुमचा अनुक्रमांक?"

"बराबर. आमच्याकडून बिननंबरी ट्रॉली बाहेर पडत न्हाई."

"ज्या तीन वर्षांचं ऑडिट आहे, त्याच्या सुरुवातीला कितव्या नंबरवर होता?"

हे मला तोंडपाठ. "त्या पाडव्याला ११७८ गेली."

"आणि शेवटी?"

"मार्चअखेर २०३१ नंबरची."

साहेबांनी लिहून घेतलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मला वाटलं, माणूस कदर करणारा आहे. चहा संपेपर्यंत त्यांनी कॅल्क्युलेटरवर वजाबाकी केली आणि आकडा माझ्याकडं फिरवला.

"साडेआठशेच्या वर ट्रॉल्या झाल्या. तुम्ही बिलं फाडली एकवीस ट्रॉल्यांची. बाकीच्या कुठं गेल्या?"

मी काय सांगणार? कुठं गेल्या ते मला माहीत होतं. त्या कुठंच गेल्या नव्हत्या, कारण त्या बनल्याच नव्हत्या. पण हे सांगायचं तर एक गोष्ट उघडी करावी लागली असती, आणि ती मी पोटच्या पोरालासुद्धा सांगितली नव्हती. मी म्हणालो, "साहेब, कामाचा पसारा मोठा आहे."

तेही त्यांनी लिहून घेतलं.

मंग त्यांनी दोन पानांचा कागद पुढं सरकवला. "हा तुमचा जबाब. वाचा आणि सही करा."

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. वाचता येतं, पण ओळीवर बोट ठेवून, हळूहळू. तिथं आणखी दोन क्लार्क बसलेले. त्यांच्यासमोर बोट फिरवत बसणं मला बरं वाटलं न्हाई. सराईत माणसासारखी पानावर वरून खाली नजर फिरवली, "ठीक आहे" म्हणालो आणि झोकात सही ठोकली.

आता थोडं मागं जातो, म्हंजे वाचणाऱ्याला कळंल.

मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. चॅनल, अँगल आणि पत्रा कापून जोडायचा, खाली एक्सल बसवायचा, रंग मारायचा. मी, दोन कामगार आणि दोन वेल्डिंग मशीन. मुलगा विष्णू बिलं बनवतो. मंठ्यातलेच एक गृहस्थ दर महिन्याला आमचं जीएसटीचं रिटर्न भरायचे. रिटर्न म्हंजे महिन्यात काय घेतलं, काय विकलं आणि टॅक्स किती, हे सरकारला कॉम्प्युटरवर कळवणं. ऑडिट म्हंजे ते कळवलेलं खरं का खोटं, हे ऑफिसातले लोक तपासतात.

नोटीस आली तेव्हा त्या गृहस्थांनी हात वर केले. "मी फक्त भरून देतो. ऑडिटला उभा राहत नाही. एखादा वकील न्हाईतर सीए बघा."

विष्णू तेच म्हणून राह्यलता. मी त्याला झापलं. "चोरी केली का आपण? ज्यानं चोरी केली त्याला वकील लागतो. तोंड आहे मला, बोलीन."

"बोलताल म्हणूनच भीती वाटते," विष्णू म्हणाला.

तर मी एकटा गेलो, बोललो आणि सही करून आलो.

पंधरा दिवसांत ऑफिसचं पत्र आलं. विष्णूनं वाचून दाखवलं. दोन मुद्दे होते. पहिला, साडेआठशे ट्रॉल्यांतल्या बहुतेक बिलाशिवाय विकल्या. दुसरा, लोखंड खरेदी केलं भरपूर आणि विकलेल्या ट्रॉल्यांत ते बसत न्हाई. उत्तर द्या, न्हाईतर टॅक्स, व्याज आणि दंड. त्यांनी जो अंदाज खाली लिहिला होता तो ऐकून मी विष्णूला परत वाचायला लावला. जागा, मशीन, शेड सगळं विकलं असतं तरी निम्मं फिटलं नसतं. तीस वर्षांचं दुकान एका चहात घालवलं होतं मी.

विष्णू म्हणाला, "आता तरी चला."

जालन्याला खरात मॅडमचं ऑफिस आहे. टॅक्सच्या वकील. माहेर आष्टीचं, वडील तिथं शाळेत गुरुजी होते. वय माझ्या धाकट्या लेकीएवढं. मी आत जाऊन बसलो आणि माझी बाजू मांडायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"काका, आधी हे. ह्याच्यावर सही."

"काय आहे?"

"अधिकारपत्र. आजपासून ऑफिसात तुमच्या वतीनं मी बोलणार."

"आणि मी?"

"तुम्ही दुकानात ट्रॉल्या बनवायच्या."

मला राग आला. उठणार होतो, तर विष्णूनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी पेन उचललं तसं मॅडम म्हणाल्या, "थांबा. मी वाचून दाखवते. न वाचता सही करायची सवय सोडा." हिला कसं कळलं, म्हणून मी विष्णूकडं बघितलं. तो पंख्याकडं बघून राह्यलता.

मंग त्यांनी पत्र वाचलं आणि प्रश्न सुरू केले. असे प्रश्न मला सोयरिकीच्या वेळीसुद्धा कोणी विचारले नव्हते.

"लोखंड एवढं का?"

मी सांगितलं. आमच्याकडं दोन प्रकारानं काम चालतं. एक, सगळा माल माझा, तयार ट्रॉली विकायची. तशा एकवीस. दुसरं, शेतकरी लोखंड आणतो, मी नुसती मजुरी घेतो. तशा सदतीस. त्या मजुरीची बिलंसुद्धा आहेत, ती साहेबांनी नीट बघितली न्हाईत. आता शेतकरी जालन्याला लोखंड घ्यायला गेला, की शेठ त्याला किरकोळ भाव लावतो. मिस्त्रीला भाव कमी लावतो. म्हणून मी लोकांना सांगायचो, बिल माझ्या नावावर, माझ्या जीएसटी नंबरवर घ्या, पैसे तुम्ही परस्पर शेठला द्या. चार पैसे वाचतात लोकांचे. आमच्या भागात सगळेच मिस्त्री असं करतात.

मॅडमनं कपाळाला हात लावला. "म्हणजे सदतीस लोकांचं लोखंड कागदावर तुमचं."

"कागदावर. खरं तर त्यांचं."

"आणि क्रेडिट कोणी घेतलं?"

क्रेडिट म्हंजे आपण माल घेताना जो टॅक्स दिला तो आपल्या भरायच्या टॅक्समधून वजा करून मिळतो. बिल माझ्या नंबरवर असल्यामुळं ते कॉम्प्युटरवर माझ्या खात्यात आपोआप दिसायचं. रिटर्न भरणाऱ्या गृहस्थांनी दिसलं ते सगळं वजा करून टाकलं. मला वाटायचं, टॅक्स कमी येतो म्हंजे गृहस्थ हुशार आहेत.

"काका, लोखंड लोकांचं म्हणायचं आणि त्याची सूट तुम्ही घ्यायची, हे दोन्ही चालत नाही. एक काहीतरी ठरवा."

"मी फायद्यासाठी केलं न्हाई. लोकांचं भलं केलं."

"कायद्यात भल्याचा रकाना नाही."

मी म्हणालो, "मंग कायदा बिलकुल बिनकामाचा आहे."

"असंल. पण तुम्ही हे ऑफिसात म्हणायचं नाही. आता नंबरचं सांगा. साडेआठशे ट्रॉल्या?"

विष्णू माझ्याकडं, मॅडम माझ्याकडं. मी पाणी मागितलं. पाणी आलं, पिऊन झालं, तरी दोघं माझ्याकडंच बघून राह्यलते.

"दुकानात कामाची काही नोंद ठेवता का? वही, डायरी?"

"मापाची वही आहे," विष्णू म्हणाला.

मला ती वही कोणाला दाखवायची नव्हती. अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत न्हाई. मी त्यात ट्रॉलीचं चित्र काढतो, बाजूला लांबी, रुंदी, उंची, कोपऱ्यात गिऱ्हाइकाच्या नावाची दोन अक्षरं, तारीख आणि नंबर. एका पानावर एक ट्रॉली. साहेबांनी "काही रेकॉर्ड?" असं विचारलं होतं तेव्हासुद्धा मी न्हाई म्हणून सांगितलं होतं. हेसुद्धा त्या जबाबात होतं.

दुसऱ्या दिवशी विष्णू वही घेऊन गेला. मीही गेलो, कारण वही माझी. मॅडम एक-एक पान उलटत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या.

"काका, हे डावीकडचं पान १२०४. उजवीकडचं २००१. मधे आठ दिवस."

"हं."

"आठ दिवसांत आठशे ट्रॉल्या?"

आता काय लपवायचं होतं? सांगितलं. रस्त्याच्या पलीकडं बबननं नवीन दुकान टाकलं होतं. काल आलेला माणूस, आणि पहिल्याच ट्रॉलीवर त्यानं नंबर टाकला १५०१. गिऱ्हाईक रस्त्यात उभं राहून दोन्ही फाळके वाचायचं आणि त्याच्याकडं जायचं. मी १२०४ वर. तीस वर्षं घासून मी मागं, आणि तो आठ दिवसांत पुढं. मंग मी पुढची ट्रॉली थेट २००१ केली.

विष्णू म्हणाला, "आबा, म्हंजे तो नंबर खोटा?"

"खोटा कसा? पुढचा आहे."

मॅडम हसल्या न्हाईत, हे त्यांचे उपकार. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पहिली ट्रॉली? एक नंबरची?"

"पहिली १००१."

विष्णू बाहेर निघून गेला. काचेतून दिसत होता. खांदे हलत होते.

मॅडमनं वहीची पानं मोजली. तीन वर्षांत अठ्ठावन्न. एकवीस बिलाच्या आणि सदतीस मजुरीच्या, बरोबर अठ्ठावन्न. त्या खुर्चीत मागं टेकल्या. "काका, तुम्ही चोर नाही. पण तुम्ही स्वतःच्या तोंडानं चोर झालात. आता हे निस्तरायला कामं आहेत."

कामं म्हंजे छळ होता. तीन वर्षांची लाइटबिलं शोधा. दोन मशीनवर साडेआठशे ट्रॉल्या केल्या तर वीज किती जळली असती, हे दाखवायचं होतं. वेल्डिंगच्या कांड्यांची बिलं शोधा. शेठकडून खातेउतारा आणा, त्यात कोणत्या बिलाचे पैसे कोणी दिले ते पाहिजे. शेठ म्हणाला उद्या या. उद्या गेलो तर म्हणाला, मुनीम लग्नाला गेला. मुनीम आला तर प्रिंटर बंद. चार चकरा झाल्या. प्रत्येक चकरेला मंठा ते जालना, जालना ते मंठा. मॅडमला फोन केला की त्या म्हणायच्या, "मिळालं का? नाही? मग फोन कशाला केला?"

सगळ्यात वाईट काम म्हंजे सदतीस शेतकऱ्यांकडून लिहून आणायचं. 'लोखंड माझं होतं, पैसे मी दिले, मिस्त्रीला फक्त मजुरी दिली.' ज्या लोकांना मी भाव मिळवून दिला त्यांच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं. एक जण म्हणाला, सातबारा तर न्हाई ना अडकणार. एकानं तीनदा वाचलं आणि बायकोला विचारून सांगतो म्हणाला.

शहागडचे भानुदास पाटील माझे जुने गिऱ्हाईक. २००१ नंबर त्यांचा. कागदाबरोबर त्यांना वहीच्या पानाची झेरॉक्स दाखवावी लागली, कारण मॅडमचा आदेश होता की प्रत्येकानं आपलं पान ओळखून सही करायची. त्यांनी चष्मा लावला. शेजारचं पान बघितलं.

"मिस्त्री, ही १२०४ आणि लगेच माझी? मधल्या कुठं गेल्या?"

"मधल्या न्हाईत."

"म्हंजे माझी दोन हजार एकावी न्हाई?"

"न्हाई."

"मंग कितवी?"

"दोनशे पाचवी."

भानुदास पाटलांनी चष्मा काढला. मंग म्हणाले, "मी पेढे वाटले होते, मिस्त्री. आख्ख्या आळीत. दोन हजाराचा टप्पा आपल्या ट्रॉलीनं ओलांडला म्हणून."

"माहीत आहे. मीसुद्धा खाल्ला होता."

"लाज न्हाई वाटली?"

"वाटली. पण पेढा चांगला होता."

त्यांनी सही केली. कागद परत देताना म्हणाले, "पुढच्या वेळी रंग द्यायला आणतो ट्रॉली. फुकट देशील." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

चौतीस सह्या मिळाल्या. एक माणूस वारला होता, एक पुण्याला गेला होता, आणि तो बायकोला विचारणारा अजून विचारूनच राह्यला आहे.

तारीख आली. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही यायची गरज नाही."

"दुकान माझं आहे."

"मग या. पण बोलायचं नाही. साहेबांनी विचारलं तर आधी माझ्याकडं बघायचं. मी मान हलवली तर उत्तर द्यायचं, आणि एका वाक्यात."

"मी काय शाळेतला पोर आहे?"

"शाळेतली पोरं ऐकतात."

साहेब तेच, खुर्ची तीच. मॅडमनं फाइल उघडली आणि बोलायला सुरुवात केली. आवाज चढवला न्हाई. साडेआठशे ट्रॉल्यांना लोखंड किती लागलं असतं, कांड्या किती, वीज किती, दोन माणसांना किती वर्षं लागली असती. साहेब म्हणाले, लोखंड बिलाशिवाय घेतलं असंल. मॅडमनं लाइटबिलं पुढं केली. वीज बिलाशिवाय कशी घेतली, असं विचारलं. मंग मापाची वही. मंग सह्या. साहेब वही बराच वेळ चाळत राह्यले. एका चित्रावर थांबले.

"ही चित्रं तुम्ही काढता?"

मी मॅडमकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

"हो."

"मग त्या दिवशी रेकॉर्ड नाही असं का सांगितलं?"

परत बघितलं. परत मान हलली.

"अक्षर वाईट आहे, साहेब."

"आणि पहिल्या ट्रॉलीला १००१ नंबर का?"

ह्या वेळी मॅडमची मान हलायला थोडा वेळ लागला.

"नव्या माणसाला कोणी काम देत न्हाई, साहेब."

साहेबांनी वही मिटली. पुढचा अर्धा तास मॅडमशीच बोलले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलो न्हाई.

महिनाभरानं निकालाचा कागद आला. ट्रॉल्यांच्या संख्येचा मुद्दा सोडून दिला होता. अठ्ठावन्न मान्य. लोखंडाचा मुद्दा मात्र राहिला. सदतीस लोकांच्या लोखंडावर जी सूट माझ्या खात्यात घेतली गेली, ती व्याजासकट परत भरायची, वर थोडा दंड. दुकान वाचलं. एक मशीन विकावं लागलं.

मी मॅडमच्या ऑफिसात जाऊन भांडलो. "ज्यांचे पैसे वाचले ते शेतकरी. ज्यांनी रिटर्न भरलं ते गृहस्थ. भरायचं मी?"

"सही कोणाची होती?"

"माझी."

"झालं तर मग."

"हा न्याय न्हाई."

"मी न्याय देते असं कधी म्हणाले? मी तुमचं दुकान वाचवते म्हणाले होते." आणि त्यांनी त्यांच्या फीचं बिल माझ्यासमोर ठेवलं.

मी ओळीवर बोट ठेवून हळूहळू सगळं वाचलं. कोणी बघत असलं तर बघू दे. कागदपत्रं तपासणे, एक रक्कम. लेखी उत्तर तयार करणे, एक रक्कम. सुनावणीला हजर राहणे, एक रक्कम. आणि सगळ्यात शेवटी, 'अशिलाने पहिल्या दिवशी दिलेला जबाब दुरुस्त करणे.' ही रक्कम वरच्या तिन्हींच्या बेरजेपेक्षा मोठी होती.

"ही शेवटची जरा जास्त होते," मी म्हणालो.

"काम पण तेच जास्त होतं," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवशी माझ्याकडं आला असता तर ही ओळच नसती."

कमी करून घ्यायला मी अर्धा तास घासाघीस केली. एक रुपया कमी झाला न्हाई. पूर्ण दिले, पावती घेतली, पावतीसुद्धा वाचली.

तर ज्याला नोटीस येईल त्यानं माझं ऐकावं. माणूस पहिल्या दिवशीच सोबत न्यावा. वरच्या तीन ओळींचा खर्चा लागतोच, पण शेवटची ओळ वाचते.